घोडीच्या गळ्याला सुरी लावू देण्याआधी

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब. आमचं गाव जिंतूर तालुक्यात. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेतून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. वराती आणि नाचाचं काम करायचं म्हणून उसनवारी करून घेतली. घरी आल्यावर पंधरवड्यात तिला ताप भरला, जबड्याखाली गाठ आली, दोन्ही नाकपुड्यांतून पिवळा शेंबूड वाहू लागला. गाठ आपोआप फुटली, जखम भरली, घोडी चंदी खाऊ लागली. आम्हाला वाटलं बरी झाली. पण आता फाल्गुन लागला तरी डाव्या नाकपुडीतून घट्ट पू येतो. मुंडकं खाली घालून चरताना जास्त येतो. डाव्या कानाखाली, जबड्याच्या मागं फुगल्यासारखं लागतं. पळवली की घुरघुरते. शेजारच्या गावचे एक जाणते आहेत, बैलांची गळवं फोडतात. ते म्हणाले, पू आत कोंडलाय, चिरा देऊन काढू आणि वरून डाग देऊ. आमचे चुलतेही तेच म्हणतात. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात परभणीला न्या, दुर्बिणीनं घसा बघावा लागेल, ऑपरेशनही लागू शकतं. पण घोड्याला भूल दिली की ते उठत नाही असं ऐकलंय, आमच्या पाहुण्यांचा घोडा तसाच गेला. वैशाखातल्या तारखा धरल्यात. घरात सहा महिन्यांचं शिंगरूही आहे. काय करावं?

उत्तर : दादा, चिरा देऊ नका आणि डागही देऊ नका. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे. शेजारगावच्या जाणत्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. बैलाच्या खांद्यावरचं, म्हशीच्या पुठ्ठ्यावरचं गळू फोडण्यात त्यांचा हात बसलेला असेल. पण घोड्याच्या गळ्यात एक अवयव असा आहे जो बैलात नाही, म्हशीत नाही, शेळीतही नाही, आणि तुमच्या घोडीचं दुखणं बहुतेक तिथंच आहे. बैलावर बसलेला हात तिथं उपयोगाचा नाही.

घोडा, गाढव आणि खेचर यांच्या घशाच्या वर, दोन्ही बाजूंना एकेक हवेची पिशवी असते. घशापासून कानाच्या आतल्या बाजूला जाणारी बारीक नळी माणसालाही असते. घोड्यात तीच नळी फुगून पिशवी झालेली आहे. डॉक्टर तिला गटरल पाऊच म्हणतात, परभणीला गेलात की हाच शब्द तुमच्या कानावर पडेल. एकेका पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावतं. तिचं तोंड घशात उघडतं, तेही तळाशी नाही, वरच्या अंगाला. म्हणून आत पू साठला तर घोडी मान वर धरून उभी असताना तो बाहेर येत नाही. मुंडकं खाली गेलं की निचरा होतो. तुम्ही पत्रात चरतानाची गोष्ट लिहिली नसती तर मला एवढ्या खात्रीनं बोलता आलं नसतं. ताप, गाठ फुटणं, मग एकाच बाजूचा रेंगाळलेला पू आणि जबड्यामागची फुगवण, हे सगळं त्या पिशवीकडे बोट दाखवतं.

आता त्या पिशवीच्या भिंतीत काय आहे ते नीट वाचा, आणि चुलत्यांनाही वाचून दाखवा. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आवरण, आणि त्याच्या लगेच खालून मेंदूकडे रक्त नेणारी आतली कॅरोटिड धमनी जाते. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून बाहेरची कॅरोटिड धमनी जाते. त्याच आवरणाच्या घडीतून गिळण्याचा मज्जातंतू, जीभ हलवणारा मज्जातंतू, आवाजाच्या पेटीकडे जाणारा मज्जातंतू हे सगळे एकमेकांना खेटून उतरतात. चेहऱ्याचा मज्जातंतू जवळूनच वळतो. पिशवीच्या बाहेर, कातडीच्या बाजूला, लाळेची मोठी ग्रंथी आणि जाड शिरा आहेत. फुगलेल्या जागी बाहेरून सुरी घातली तर पुवाच्या आधी यातलं काय कापलं जाईल ते कुणालाच सांगता येणार नाही. धमनीला लागलं तर घोडी अंगणातच मरेल. मज्जातंतूला लागलं तर ती जगेल, पण गिळता येणार नाही, प्यायलेलं पाणी नाकातून परत येईल, वैरणीचे कण श्वासनळीत जातील आणि फुप्फुसं सडतील. लाळेची ग्रंथी चिरली तर लाळ वाहणारी जखम कितीतरी दिवस भरत नाही.

सर्जन मंडळीही बाहेरून या पिशवीत शिरतात, नाही असं नाही. जबड्याच्या मागची कड, मानेतल्या एका स्नायूचा दोरीसारखा कंडरा आणि चेहऱ्याकडून येणारी शीर, या तिघांमध्ये एक छोटा त्रिकोण असतो. डेन्मार्कचे पशुवैद्य एरिक व्हिबोर्ग यांच्या नावानं तो ओळखला जातो. पिशवी फुगून कातडीपर्यंत आली असेल तर तिथून वाट काढता येते. पण ते आत काय आहे हे आधी बघून, शीर बाजूला सारून, एकेक पदर वेगळा करत जातात. डागण्याबद्दल तर एवढंच म्हणतो की तापलेल्या सळईचा चटका कातडीला बसतो, आतल्या पिशवीतला पू जागचा हलत नाही, आणि घोडीला वेदना मात्र फुकटची.

घोड्याच्या घशाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ऑपरेशन असो वा नसो, ती प्रत्येक घोडेवाल्याला माहीत हवी. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही. त्याच्या टाळूचा मऊ पडदा लांब असतो आणि आवाजाच्या पेटीच्या झाकणाखाली घट्ट बसतो, त्यामुळे तोंडाची वाट आणि हवेची वाट वेगळी राहते. आपलं नाक चोंदलं तर आपण तोंड उघडतो, बैलही धापा टाकताना तोंड उघडतो. घोड्याचं नाक किंवा घसा बंद झाला तर दुसरी वाट नाही. म्हणून नुसती उभी असतानाही घोडी घोरल्यासारखा आवाज करू लागली, नाकपुड्या फाकवू लागली, मान लांब करून उभी राहू लागली, तर सकाळची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, मधोमध, श्वासनळीच्या दोन कड्यांमधून छेद घेऊन नळी बसवावी लागते. त्यानं जीव वाचतो. पण तेही डॉक्टरांचंच काम.

आजार कोणता, याबद्दल. वर्णनावरून हा स्ट्रँगल्स वाटतो. स्ट्रेप्टोकॉकस इक्वी नावाच्या जंतूनं होणारा, घोड्या-गाढवांचा, झपाट्यानं पसरणारा आजार. लागण झाल्यावर साधारण ३ ते १४ दिवसांत ताप येतो, मग जबड्याखालच्या किंवा घशामागच्या गाठी पिकतात. घशामागची गाठ आतल्या आत फुटली की पू थेट या पिशवीत उतरतो. यात्रेत शेकडो जनावरं एका पाण्यावर येतात, तिथं ही लागण होणं नवलाचं नाही. बरीच घोडी पूर्ण बरी होतात. काहींच्या पिशवीत मात्र पू राहतो, सुकून त्याचे पनीरासारखे गोळे बनतात, आणि दिसायला धडधाकट असलेलं ते जनावर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, दुसऱ्यांना लागण देत राहतं.

पण याच्या आधी एक शंका फेडायलाच हवी, आणि त्यात हयगय करू नका. नाकातून पू आणि जबड्याखाली गाठ ही लक्षणं ग्लँडर्सचीही असतात. ग्लँडर्स माणसाला होतो आणि माणूस दगावू शकतो. कायद्यानं त्याची खबर सरकारला द्यावी लागते आणि जनावर पॉझिटिव्ह निघालं तर उपचार करत नाहीत. गाठ पिकून फुटली आणि जखम भरली म्हणजे माझा कल स्ट्रँगल्सकडेच आहे, तरी कल म्हणजे तपासणी नव्हे. तालुक्याच्या डॉक्टरांना सांगून रक्ताचा नमुना पाठवा. देशात या तपासणीचं मुख्य ठिकाण हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे आणि नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत जातो. अहवाल येईपर्यंत पुवाला उघडा हात लावू नका. हातमोजे घाला. ज्याच्या हाताला जखम आहे त्यानं घोडीजवळ जाऊ नये, पोरांना तर लांबच ठेवा. चिरा देऊ नका म्हणण्याचं हेही एक कारण आहे. ग्लँडर्स निघाला तर चिरणाऱ्याच्या हातावर, तोंडावर तो पू उडालेला असेल.

आता भुलीची गोष्ट. तुमची भीती खोटी नाही आणि मी ती झटकून टाकणार नाही. ब्रिटिश पशुवैद्यांनी चालवलेली एक मोठी पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत ४१,८२४ वेळा दिलेल्या भुलीची नोंद होती. पोटदुखीची ऑपरेशनं सोडून बाकीच्या घोड्यांत सात दिवसांच्या आत दगावण्याचं प्रमाण ०.९ टक्के होतं. म्हणजे शंभरात जवळजवळ एक. माणसाच्या मानानं हे खूपच जास्त आहे. कारणं घोड्याच्या देहात आहेत. तीन-चारशे किलोचं जनावर कुशीवर पडलं की खालच्या बाजूच्या स्नायूंवर त्याचंच वजन येतं, त्यात भुलीनं रक्तदाब उतरलेला, मग त्या स्नायूंना रक्त कमी पडतं. आणि सगळ्यात धोक्याची वेळ येते ती शुद्धीवर येताना. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे. अर्धवट शुद्धीत आपण पडलोय हे कळताच तो उठायची धडपड करतो, पाय धरत नाहीत, आणि हाड मोडतं. त्यातच मुंडकं बराच वेळ खाली राहिल्यानं नाकाच्या आतली कातडी सुजते, आणि मघाशी लिहिलं तसं, तोंडाची वाट त्याला नाहीच. पाहुण्यांच्या घोड्याचं यातलं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही.

पण शंभरातला एक लक्षात ठेवताना उरलेले नव्व्याण्णवही लक्षात घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या घोडीला आडवं पाडायची वेळ बहुधा येणारच नाही. पिशवीतला पू पातळ असेल तर घोडीला उभ्या उभ्या गुंगीचं इंजेक्शन देतात, दुर्बीण नाकातून घशापर्यंत नेतात, पिशवीच्या तोंडातून बारीक नळी आत घालतात आणि कोमट सलाइननं पिशवी धुतात. गुंगीत मुंडकं खाली लोंबतं तेच हवं असतं, धुतलेला पू नाकातून बाहेर पडतो आणि श्वासनळीत जात नाही. असं काही दिवस परत परत करतात. जंतू मारायला पेनिसिलीन चालतं, पण कधी आणि किती ते डॉक्टर ठरवतील. पू सुकून गोळे झाले असतील तर दुर्बिणीतून जाळीनं एकेक गोळा काढता येतो. खूपच असतील तर शस्त्रक्रिया. तीही कित्येक वेळा जागा बधिर करून उभ्या घोड्यावर होते. तेव्हा परभणीला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा : हे उभ्यानं होईल का?

आडवं पाडावंच लागलं तर विचारायच्या गोष्टी वेगळ्या. वैरण किती तास आधी बंद करायची? श्वासनळीत नळी घालण्याआधी तोंड पाण्यानं स्वच्छ धुणार ना? हे विचारायला संकोचू नका. गालात राहिलेला कडब्याचा चोथा नळीबरोबर फुप्फुसात ढकलला गेला तर न्यूमोनिया होतो. शुद्धीवर येताना घोडी कुठं असेल, गाद्या लावलेल्या खोलीत की मऊ गवतावर? दोर धरून तिला सावरायला माणसं असतील का? नाकाला सूज आली तर नाकात नळी ठेवणार का? नाल आधीच काढून न्या, उठताना घसरत नाही. मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात दुपारी घोडी पाडायला माझा विरोध आहे, पहाटेची वेळ मागून घ्या. आणि पूर्ण शुद्धीवर येऊन नीट गिळायला लागेपर्यंत समोर वैरण टाकू नका, गुंगीत घेतलेला घास अन्ननळीत अडकतो.

धनुर्वाताची लसही विसरू नका. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. गाठ फुटली तेव्हा टोचली नसेल तर आता डॉक्टरांना विचारून घोडीला आणि शिंगरालाही टोचून घ्या.

जाण्याआधी फोन करा. परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोड्याच्या घशापर्यंत पोचेल अशी लांब दुर्बीण त्या दिवशी मिळेल का, हे विचारूनच गाडी ठरवा. आजार संशयित संसर्गाचा आहे हेही फोनवरच सांगा, म्हणजे ते घोडीला वेगळं बांधायची सोय करतील. दुर्बीण नसेल तर उभ्या घोडीच्या डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रेसुद्धा बरंच सांगतो, पिशवीतल्या पुवाची पातळी त्यात सरळ रेघेसारखी दिसते. तिथं जमलं नाही तर मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायची तयारी ठेवा. टेम्पोत घोडीचं मुंडकं वर ओढून आखूड बांधू नका. मान खाली करता यायला हवी, नाहीतर घशातली घाण फुप्फुसाकडे जाते. वाटेत थांबून थोडा वेळ मुंडकं खाली सोडू द्या. घरीच डॉक्टर बोलवायचे असतील तर १९६२ वर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची गाडी येते.

तोवर घरी एवढं सांभाळा. चंदी आणि वैरण गव्हाणीत उंचावर देऊ नका, जमिनीवर पसरट घमेल्यात द्या. चरताना जेवढा पू निघेल तेवढा चांगला. पळवणं, नाचवणं बंद. नळ्यानं किंवा बाटलीनं हळद-तेल, काढा, काहीही पाजू नका. घसा सुजलेल्या घोड्याला असं पाजलेलं औषध श्वासनळीत जातं, आणि माझ्या डोळ्यांदेखत गेलेल्या घोड्यांत गळ्याच्या आजारापेक्षा या पाजण्यानं गेलेली मला जास्त सलतात. नाकाच्या वाटेनं कुणालाही औषध सोडू देऊ नका. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं जळजळीत औषध त्या पिशवीत गेलं तर आतले मज्जातंतू भाजतात.

मानेत इंजेक्शन देणाऱ्यांबद्दलही सावध राहा. मानेच्या शिरेच्या खालीच कॅरोटिड धमनी आहे. मानेच्या वरच्या भागात दोघींच्या मध्ये एक स्नायू असतो, खाली तो आधार नाही. सुई शिरेऐवजी धमनीत गेली तर औषध थेट मेंदूत जातं आणि घोडा तिथल्या तिथं आकडी येऊन कोसळतो. शिरेतलं इंजेक्शन फक्त पशुवैद्यांच्या हातून.

काही खुणा दिसल्या तर त्याच दिवशी निघायचं. नाकातून लाल रक्त आलं, थोडंसं जरी आलं आणि आपोआप थांबलं तरी. याच पिशवीत बुरशी धरून ती धमनी कुरतडते, पहिल्यांदा थोडं रक्त येतं आणि पुढच्या वेळी इतकं येतं की हाताशी वेळ राहत नाही. अशा घोडीची पिशवी घाईनं धुवायलाही नको. दुसरं, पाणी किंवा चावलेली वैरण नाकातून परत येणं. तिसरं, एका बाजूची पापणी लोंबणं, ओठ वाकडा होणं, मानेला एकाच बाजूनं घाम सुटणं. हे मज्जातंतूंवर ताण आल्याचं लक्षण आहे.

पळवल्यावरच्या घुरघुरीबद्दल थोडक्यात. पुवानं फुगलेली पिशवी घशाचं छत खाली दाबते, त्यानं आवाज येऊ शकतो. आवाज येण्याची दुसरीही कारणं असतात. आवाजाच्या पेटीचा डावा मज्जातंतू छातीत उतरून, महाधमनीला वळसा घालून परत गळ्यात येतो. तो लांबलचक मज्जातंतू काही घोड्यांत, विशेषतः उंच घोड्यांत, निकामी होतो आणि पेटीची डावी बाजू उघडत नाही. १९७० पासून त्यावर ऑपरेशन आहे. ती बाजू दोऱ्यानं कायमची ओढून बांधतात. पण मग ती बाजू गिळतानाही पूर्ण मिटत नाही, घास श्वासनळीत जाण्याची आणि खोकल्याची शक्यता राहते. शर्यतीच्या घोड्यासाठी हा सौदा करावा लागतो. वरातीच्या घोडीसाठी मी तो सुचवणार नाही. आधी पिशवी साफ होऊ द्या, मग दुर्बिणीनं परत बघा.

शिंगराला आजच वेगळं बांधा, शक्य तितकं लांब. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, मोरखी वेगळी. आधी शिंगराचं सगळं उरकायचं, मग घोडीकडे जायचं, उलट नाही. घोडीकडून आल्यावर हात धुऊन कपडे बदला. सकाळ-संध्याकाळ शिंगराचा ताप थर्मामीटरनं मोजून वहीत लिहा. या आजारात ताप आधी येतो आणि जंतू बाहेर पडायला त्यानंतर एक-दोन दिवस लागतात, म्हणून ताप पहिल्याच दिवशी धरला तर पुढचं खूप टळतं. १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला की डॉक्टरांना कळवा.

राहिल्या वैशाखातल्या तारखा. उसने पैसे डोक्यावर असताना हे ऐकणं जड जाईल याची मला कल्पना आहे, तरी पहिल्या मुहूर्तांचे विसार आत्ताच परत करा. लग्नाच्या मांडवात घोडीच्या तोंडाला लहान पोरं हात लावतात, नवरदेव तिच्या मानेला टेकून बसतो, आणि ग्लँडर्सचा अहवाल अजून तुमच्या हातात नाही. तो चांगला आला तरी पिशवी साफ होऊन, तिच्या धुवणाच्या पाण्याची तपासणी स्वच्छ येईपर्यंत दुसऱ्यांच्या घोड्यांजवळ तिला नेऊ नका. नुसता पातळ पू असेल आणि धुणं लगेच सुरू झालं तर मोसमाच्या शेवटच्या तारखा हाती लागण्याची आशा आहे. गोळे झाले असतील तर यंदाचा हंगाम सोडून द्या. दुर्बिणीत काय दिसलं ते मला कळवा. शस्त्रक्रिया सुचवली तर कोणत्या बाजूनं आणि उभ्यानं की पाडून, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पत्रासोबत पाठवा.